बोटीवरून थेट मांडवात

मागच्या हिवाळ्यात मी माझ्या जिवलग मित्राच्या दुखवट्याच्या मांडवात नाचत शिरलो.

नाचत म्हणजे चांगले दोन्ही हात वर करून. अंगात अननसांच्या चित्रांचा शर्ट, डोक्यावर कप्तानाची पांढरी टोपी, हातात बोटीवरून आणलेल्या साबणांची आणि शांपूच्या इवल्या इवल्या बाटल्यांची पिशवी, आणि तोंडाने बोटीचा भोंगा. मी प्यालेलो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या गावात याबद्दल अजून दोन मतं आहेत.

आज हे सगळं पुन्हा वर आलं ते वालाच्या शेंगांमुळे. सकाळी दुकान उघडायला निघालो, तर बाजाराच्या तोंडाशी खेड्यांवरून आलेल्या बायका रस्त्याच्या कडेला ओळीने बसलेल्या. प्रत्येकीपुढे हिरव्यागार शेंगांचा ढीग आणि ढिगाशेजारी भांबुर्ड्याच्या पाल्याच्या जुड्या. भांबुर्डा म्हणजे आमच्याकडचं एक बेवारस रानटी झुडूप. एरवी वर्षभर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. शेळीसुद्धा हुंगून पुढे जाते. पण थंडी पडली की त्याला असा भाव येतो की विचारू नका. आणि तो वास! ओवा, तुळस आणि ताजं सारवलेलं अंगण एकत्र कुटलं तर जे होईल त्याच्या आसपासचं काहीतरी. तो नाकात गेला आणि मी भर रस्त्यात उभा राहिलो. मागून रिक्षावाला ओरडला, "काका, पुतळाच व्हायचंय तर चौकात जाऊन उभे राहा!"

पनवेलला थंडी पडते असं सांगितलं की पुण्याचे नातेवाईक हसतात. हसू देत. आमची थंडी अंगाला लागत नाही, ती शेतात दिसते. भात कापून झालं की इथे मोकळ्या शेतात वाल टाकतात. त्याला कुणी पाणी घालत नाही. जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि रात्री पडणाऱ्या दवावर तो आपापला वाढतो. सकाळी त्या शेतातून चालत गेलं तर पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो आणि पानापानावर इतकं पाणी चमकत असतं की कुणीतरी काचेच्या दुकानात हातोडी फिरवून पळून गेलंय असं वाटावं.

शेंगा भरल्या की पोपटी. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मधे बटाटे, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली मसाल्याची कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पुन्हा पाला, गच्च दाबून. मग मडकं शेतातच पालथं घालायचं, भोवती पेंढा आणि काटक्या रचायच्या आणि द्यायचं पेटवून. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. जो काही ओलावा आणि वास यायचा तो पाल्याचा. मडक्यावर पाणी शिंपडून बघायचं. चर्र करून उडालं की झाली पोपटी. पुढचं लिहून सांगता येत नाही, कारण तोंडात शेंग असताना कुणी लिहीत बसत नाही.

माझ्या लेखी पोपटी म्हणजे हसुरामची पोपटी.

हसुराम करंजाड्याच्या पलीकडच्या गावातला आगरी. वडील मिठागरात राबले. पुढे जमिनी गेल्या, तिथे रस्ते आले, टॉवर आले, आणि हसुरामचा हसूशेठ झाला. पण घरामागचा एक तुकडा त्याने कुणालाही दिला नाही. तो फक्त वालासाठी. बिल्डर मंडळी यायची, तेव्हा हा त्यांना बांधावर बसवून शेंगा खायला घालायचा आणि शेवटी म्हणायचा, "चव बगितलीस ना जागेची? झाला तर मग. आता जा."

आमची ओळख माझ्या एका घोटाळ्यातून झाली. जुन्या पनवेलात माझं चष्म्याचं दुकान आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक धिप्पाड माणूस आत आला आणि म्हणाला, "डागतर, मना चष्मा पायजे. नंबर नाय पायजे, नुसता चष्मा पायजे." मी डॉक्टर नाही हे त्याला त्या दिवशी सांगितलं, नंतरही सांगत राहिलो, त्याने ऐकलं नाही, त्याच्यामुळे अख्खं गाव मला डागतर म्हणतं. तो ग्रामपंचायतीला उभा होता आणि पोस्टरवर चष्मा असला की माणूस वाचलेला वाटतो असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. डोळे तपासले तर गरुडाचे. साध्या काचेचा चष्मा करून दिला. म्हणजे मला तसं वाटलं. प्रत्यक्षात दोन डब्यांची अदलाबदल झाली आणि हसुरामला गेला एका निवृत्त हेडमास्तरांचा जाड भिंगाचा चष्मा.

हेडमास्तर त्याच दिवशी भांडायला आले. हसुराम मात्र निवडणूक होईपर्यंत आलाच नाही. तो चष्मा लावून त्याने प्रचार केला. विजेच्या खांबाला हात जोडून मत मागितलं. विरोधी पक्षाच्या सभेत जाऊन पहिल्या रांगेत बसला आणि टाळ्या वाजवल्या. पडला, अर्थातच. नंतर दुकानात आला तेव्हा मी काउंटरमागे जरा खाली वाकूनच उभा होतो. तो म्हणाला, "डागतर, मना वाटला मोठ्या मानसांना असाच दिसत असल, सगला धूसर." आणि हसायला लागला. हसुराम हसायचा म्हणजे आधी पोट हलायचं, मग गळा, आणि आवाज सगळ्यात शेवटी यायचा, उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा. त्या थंडीत त्याने मला पहिल्यांदा पोपटीला बोलावलं. मग दर थंडीत.

तर अशी आमची दोस्ती, आणि त्यात मागच्या हिवाळ्यात आली बोट.

आमच्या निखिलने, म्हणजे माझ्या मुलाने, आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्हा दोघांना मोठ्या जहाजाची सफर दिली. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीप बघायचं, परत यायचं. हसुरामला सांगायला गेलो तर तो ओसरीवर लसूण सोलत बसला होता. "पानी बगायला येवडा लांब जातोस?" तो म्हणाला. "आमच्या खाडीत ये. भरतीला मधोमध उभा करतो. फुकट." मग म्हणाला, "जा, जा. पन तू परत येशील तवा माझ्या पुतन्याची हलद हाय. घरी जाऊ नको, बोटीवरून थेट मांडवात ये. भोंगा वाजवत ये. लोकांना कलला पायजे कोन आयलाय."

तो भोंगा माझा नव्हता, हे मी त्या गावात अनेकांना समजवायचा प्रयत्न केला आहे.

बोटीवर मी काय काय केलं त्याची यादी शोभा, माझी बायको, नातेवाइकांत अजून वाचते. लांबच लांब बोळ आणि सगळे दरवाजे सारखे. एकदा मी उघडं दार बघून आत गेलो, पलंगावर आडवा झालो आणि न्हाणीघराच्या दिशेने ओरडलो, "किती वेळ गं? भूक लागलीय!" आतून एक गुजराती आजी बाहेर आल्या. त्या बिचाऱ्यांनी मला बिस्किटं दिली. आमच्या खोलीत रोज कुणीतरी टॉवेलचा हत्ती करून ठेवायचं. शोभा तो मोडू देईना. आठवडाभर आम्ही पनवेलहून नेलेल्या पंच्याने अंग पुसलं आणि हत्ती पलंगावर झोपला. संध्याकाळी डेकवर उभं राहिलं की चहूकडे नुसतं पाणी, आणि सूर्य बुडताना पाण्यावर जो रंग पसरायचा तो बघून मला दरवेळी एकच वाटायचं, हे हस्याला दाखवायला हवं. तो म्हणाला असता, "बरा हाय. पन मासा कुठं हाय?"

समुद्रात फोन लागत नाही. बोटीवरचं इंटरनेट घ्यायचं नाही असं निखिलनेच बजावलं होतं. "बाबा, एक आठवडा जग तुमच्यावाचून चालेल." चाललंही. फक्त त्यातून हसुराम कमी झाला.

आम्ही निघालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी, चहा पिऊन ओसरीवर पाय पसरून बसला होता, बसल्या जागी गेला. निखिलला दुपारी कळलं, तो जाऊन खांदाही देऊन आला. आम्हाला मात्र कळवायचं नाही असं त्याने ठरवलं. परत आल्यावर संध्याकाळी ऑफिसातून येईन, समोर बसेन, पाणी देईन, मग हळूच सांगेन. बेत अगदी समजूतदार होता. त्यात एकच खोट होती. संध्याकाळ व्हायच्या आधी दुपार असते.

दुपारी आम्ही घरी पोचलो. बंदरावरून येताना टॅक्सीत मी फोन चालू केला, तर आमच्या पोपटीच्या गटात संदेशांचा पूर आलेला. हात जोडलेली चित्रं, फुलं, तेवणारे दिवे. आमच्या गटात रोज सकाळी हेच येतं. मला वाटलं, आठवडाभराची सुप्रभातं साठलीत. वर सरकवून मूळ काय आहे ते बघावं, हे काही सुचलं नाही. मी सगळ्यांना मिळून 'सेम टू यू' पाठवलं आणि खाली टोपी घातलेला माझा फोटो टाकला.

नवीन पनवेलला घरात पाऊल ठेवलं तरी फरशी हलत होती. बोटीवरून उतरल्यावर काहींना तसं होतं म्हणे. जमीन आपली उगाच झुलत राहते. शोभा आडवी झाली. मी म्हटलं, "हस्याकडे हळदीला जाऊन येतो." ती डोळे मिटूनच म्हणाली, "टोपी काढून जा." मी स्कूटर काढली. टोपी नाही.

आता हे समजून घ्यायला हवं की त्या दिवसांत आमच्या भागातल्या कुठल्याही गावात गेलात तर प्रत्येक आळीत एक मांडव असतो. लग्नसराई असते, आणि आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. अख्खं गाव लोटतं, बॅण्ड, डीजे, नाच. त्यामुळे हसुरामच्या दारात ताडपत्रीचा मांडव, खुर्च्या आणि भरपूर माणसं दिसली तेव्हा मला काडीचीही शंका आली नाही. दिव्यांच्या माळा नव्हत्या. म्हटलं, दुपार आहे. गाणी नव्हती. म्हटलं, डीजेवाला जेवायला गेला असेल. सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. म्हटलं, वा, यंदा काहीतरी एकसारखा पोशाख ठरवलाय. मी लोकांना नीट दिसावं म्हणून चष्मे विकतो, हे इथे लक्षात घ्यावं.

पिशवी उंच धरली, भोंगा वाजवला आणि झुलत आत शिरलो. झुलणं मुद्दाम नव्हतं, जमीनच हलत होती. खुर्च्या माझ्याकडे वळल्या. समोर नवरदेव पुतण्या बसलेला, डोक्याचा तुळतुळीत गोटा. मी त्याच्या टाळक्यावर हात फिरवून म्हणालो, "अरे, नवऱ्या मुलाचं डोकं कुणी तासलं रे?" कुणी हसलं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. म्हणून आणखी मोठ्याने हाक मारली, "हस्या! ए हस्या! बोट लागली रे!"

आणि मग दिसला. खुर्चीवर. हार घातलेला. पुढे समई. पोस्टरसाठी काढलेला तोच फोटो, डोळ्यांवर चष्मा.

वर गेलेले हात आपोआप खाली आले. भोंगा तोंडातच विरला. आतल्या उंबऱ्याशी बायकांच्या घोळक्यात बेबीवहिनी, हसुरामची बायको, बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, झटकन पदर तोंडावर घेतला, आणि त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. शेजारच्या बायका पाठीवरून हात फिरवू लागल्या. हसुरामचा थोरला भाऊ नारायणदादा उठून उभा राहिला. त्याचा आवाज एरवीही शेताच्या दुसऱ्या टोकाला जातो. "याला कोनी आत घेतला?"

कुणी घेतलं नव्हतं, मीच आलो होतो. पुतण्याने माझ्या डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या हातात दिली. मी एका खुर्चीच्या कडेवर बसलो. मांडीवर टोपी, टोपीत पिशवी, पिशवीत शांपू. रडू येईल असं वाटलं, पण अननसांच्या शर्टात रडायचा धीर होईना. थोड्या वेळाने कुणाच्या लक्षात येणार नाही असं बघून निघालो. अर्थात सगळ्यांच्या लक्षात आलं. वाटेत मी खुर्ची पाडली.

संध्याकाळी निखिल आला, हातात पाण्याचा ग्लास घेऊन माझ्यासमोर बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, "बाबा, एक वाईट बातमी आहे."

"कळली."

"कुणी सांगितली?"

मी टोपीकडे बोट दाखवलं. मग सगळं सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. मी चिडून म्हटलं, "मला बोटीवर कळवायचं नव्हतंस?"

"कळवून काय केलं असतंत? समुद्रात उडी मारली असतीत?"

"मारली असती!"

"पोहता येत नाही तुम्हाला," आतून शोभा म्हणाली, आणि मग तीच आधी रडायला लागली.

त्यानंतरचे दिवस मला विचित्र आठवतात. दुःखाचंही एक वेळापत्रक असतं. सगळे एकदम रडतात, एकमेकांना धरतात, चहा करतात, आणि हळूहळू बोलायला लागतात. मी पोचलो तेव्हा गावाचं रडून झालं होतं. लोक आता जेवणाचं, भटजींचं, लांबलेल्या लग्नाचं बोलत होते, आणि मी एकटा नव्याने सुरुवात करत होतो. दुकानात गिऱ्हाइकाला अक्षरांचा तक्ता दाखवताना मधेच माझे डोळे भरून यायचे. गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, "इतका वाईट आहे का नंबर?"

मी मनाशी हिशेब करून बघितला की तो गेला त्या वेळी मी काय करत होतो. डेकवर न्याहारीच्या रांगेत होतो. जवळचं माणूस जातं तेव्हा आपल्याला कुठेतरी आत काहीतरी जाणवतं म्हणतात. मला दहीवड्यात साखर कमी आहे एवढंच जाणवलं होतं, आणि तसं मी आचाऱ्याला सांगितलंही होतं.

त्या घरी मात्र मी पुन्हा गेलो नाही. दहाव्याला शोभा एकटी गेली, तेराव्यालाही. मी म्हणायचो, दुकान आहे. ती म्हणायची, "चष्मे काय नासणार आहेत?" पण माझ्या डोळ्यांपुढून तो पदर आणि ते गदगदणारे खांदे जाईनात. नवरा गेलेल्या बाईला मी टोपी घालून भोंगा ऐकवला होता. इतक्या वर्षांचं ते घर, ती ओसरी, तो मळा, एका दुपारीत माझ्यामुळे माझ्यासाठी बंद झाला असं मी धरून चाललो. बाजारात त्या गावचं कुणी दिसलं की मी पलीकडच्या फुटपाथवर जायचो. शेंगांचे ढीग आले, पाल्याच्या जुड्या आल्या, आणि मी नाक दाबून दुकानात जायला लागलो. गटात कुणीतरी लिहिलं की नारायणदादा म्हणतोय, यंदा मळ्यात जाळ नाही, आणि यापुढेही नाही. मी तर गटात त्या 'सेम टू यू'नंतर बोटही लावलं नव्हतं.

शेंगा सरायला आल्या तेव्हा एका दुपारी दुकानात रूपाली आली. हसुरामची एकुलती एक मुलगी, कळंबोलीला नोकरी करते. मला वाटलं चष्मा मोडला असेल. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काका, आईने निरोप दिलाय. आमच्या घरचा दुखवटा तुम्ही काढायचा."

इकडे रीत आहे. सुतक फिटलं तरी त्या घरात जरा सावटच असतं. मग जवळच्या कुणीतरी सामान न्यायचं, त्या घरच्यांना पुन्हा खारं-तिखट खाऊ घालायचं, आणि घर मोकळं करायचं. हे काम कुणालाही सांगत नाहीत. भावाला सांगतात, व्याह्याला सांगतात. चष्मेवाल्याला कुणी सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं.

"मी?" मी म्हटलं. "नारायणदादा काय म्हणतो?"

"ते नको म्हणतात. आई म्हणाली, त्याला मी बघते. आणि घरात नको, मळ्यात करायचंय. पोपटी."

मला राहवलं नाही. "रूपाली, अगं त्या दिवशी मी तुझ्या आईला सगळ्यांसमोर रडवलं."

"रडवलं? काका, आई हसत होती! बाबा गेल्यापासून ती एकदाही हसली नव्हती, धड रडलीसुद्धा नव्हती. तुम्ही भोंगा वाजवत आलात आणि तिचं सुटलंच. पदर तोंडात कोंबून हसत होती, आणि बायका बिचाऱ्या पाठ चोळतायत, रड बाई रड म्हणून. नंतर रडलीही खूप. पण आधी हसली."

मी चष्मा काढून पुसला. रूपालीचा. तिने तो परत मागून घेतला.

पुढच्या रविवारी मी सगळं सामान घेऊन गेलो. कोंबडी, अंडी, बटाटे, ओवा, वहिनींसाठी लुगडं. शेंगा त्यांच्याच मळ्यातल्या, शेवटच्या, जरा जून झालेल्या. पाला पुतण्या सकाळीच रानातून आणून ठेवणार होता. मडकं मी स्वतः निवडून घेतलं होतं, चांगलं मोठं, कळंबोलीहून.

ऊन उतरलं होतं. मळ्याच्या कडेने टॉवर उभे आहेत, त्यांच्या सावल्या लांबत लांबत वालाच्या वेलांवर आल्या होत्या. यंदा तिथून वर बघितलं की नव्या विमानतळाची विमानं पोट दाखवत जातात. तेव्हा, मागच्या वर्षी, अजून टिटव्या ओरडायच्या. नारायणदादा हाताची घडी घालून मधोमध उभा होता. मी नमस्कार केला. त्याने केला नाही. मी गडबडीने पोत्यातून मडकं काढून त्याच्यापुढे ठेवलं. तो वाकला, मडक्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "याला नल हाय."

होता खरा. खाली, प्लास्टिकचा, निळा. मी पाण्याचा माठ आणला होता.

"पाणी... म्हणजे... सोयीचं पडतं," मी म्हणालो.

नारायणदादाने माझ्याकडे पाहिलं. मग पाठ फिरवून घराकडे चालायला लागला. मला वाटलं, संपलं, गेला रागावून. दुखवटा राहिला बाजूला, आता या मळ्यात जाळ पेटत नाही. पुतण्या जमिनीकडे बघत होता. रूपाली ओठ चावत होती. मी तो नळ फिरवत बसलो होतो, उघड, बंद, उघड, बंद.

नारायणदादा परत आला तेव्हा त्याच्या कडेवर मडकं होतं. काजळीने काळंकुट्ट. हसुरामचं. त्याने ते माझ्या पायाशी ठेवलं, एवढंच म्हणाला, "घे." आणि काटक्या मोडायला बसला.

मला त्या क्षणी जे झालं ते झालं. मी तडक वहिनींकडे गेलो. त्या बांधावर बसून शेंगांना मीठ चोळत होत्या. माझे गुडघे आता खाली बसायला नाही म्हणतात, म्हणून जरा मऊ, जरा उंच काहीतरी बघून त्यांच्यासमोर बसलो. आणि सुरू झालो. म्हटलं, वहिनी, मी चुकलो. मी आंधळा आहे. दुखवटा कळला नाही मला. तो गेला तेव्हा मी दहीवडा खात होतो. तो मला भोंगा वाजवत ये म्हणाला होता, म्हणून वाजवला, नाहीतर मी असा नाही. म्हटलं, समुद्रावर रोज संध्याकाळी त्याची आठवण यायची, आणि तो तर तेव्हा नव्हताच, मी नसलेल्या माणसाला दाखवायला सूर्य बघत होतो. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतके दिवस कुठे अडलं होतं कोण जाणे, सगळं तिथे आलं. मागे पुतण्या आणि रूपाली काहीतरी शोधत होते, पेंढा उलटापालटा करत होते. "सकालीच ठेवला ना मी, ओल्या गोनपाटात बांधून," असं पुतण्या कुणाला तरी सांगत होता. नारायणदादा त्याच्यावर खेकसत होता. मी लक्ष दिलं नाही. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही मला या मळ्यात पुन्हा पाय ठेवू दिलात, मी त्या लायकीचा नाही, मला माफ करा.

वहिनी शेंगा चोळायच्या थांबल्या. पदराने डोळे पुसले, एकदा हा, एकदा तो. माझ्याकडे नीट बघितलं, मग जरा खाली बघितलं.

"डागतर," त्या म्हणाल्या, "माफी मागून झाली असल तर उठ आता. पाला तुझ्या बुडाखाली हाय."